खुरमुंड्याचे डोळे

खुरमुंडा नावाचा प्राणी सातपुड्यात नाही, आणि कधी नव्हता. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण पूर्वी एकदा एवढेच सांगायला मला सव्वादोन महिने लागले होते, आणि तेवढ्यात जे व्हायचे ते होऊन गेले.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या काही वर्षे आधीची गोष्ट. मी धुळ्याला एका शाळेत शास्त्र शिकवत असे. शाळेतले शास्त्र म्हणजे एक भिंग, दोन काचनळ्या आणि एक उंदराचा सांगाडा, ज्याचे मागचे पाय माझ्या आधीच कुणीतरी पळवले होते. राहायला गावाच्या कडेला एका शेतकऱ्याच्या घराची मागची खोली होती. घरमालकांना सगळे आबा म्हणत, मीही आबा म्हणे. मी एकटा होतो, जेवण त्यांच्याकडेच होते. मी तिथे गेलो तेव्हा त्यांची मुलगी आठ-नऊ वर्षांची होती. तिला लिहावाचायला मी शिकवले, संध्याकाळी ओट्यावर बसून. मला ती भाऊ म्हणे.

पुढे तिचे लग्न पार फैजपूरकडे, केळीच्या मुलखात झाले. तिकडची बोली वेगळी. ही बोलता बोलता ‘आहे’ला ‘शे’ म्हणाली की जावा तोंडाला पदर लावत, असे ती माहेरी आली की हसत सांगे. तिला एक मुलगी झाली. आई काळ्याभोर डोळ्यांची, बापही तसाच, आणि पोरीचे डोळे मात्र स्वच्छ घारे. आबा तिला मांडीवर घेऊन उन्हाकडे तोंड करून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते डोळे दाखवत. सगळ्यांना त्याचे कौतुकच होते.

आता माझ्याबद्दल थोडे सांगायला हवे. मला व्याख्यानांचा छंद होता. ऐकण्याचा नव्हे, पाहण्याचा. गळ्यात हार पडला की वक्त्याची मान किती अंशांनी मागे जाते, हे मी मागच्या बाकावरून मनातल्या मनात मोजत असे. अध्यक्ष ‘मी दोनच शब्द बोलणार आहे’ म्हणाले की घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवत असे. माझ्या या टिंगलीमुळे चार लोक मला हुशार समजत आणि मी त्यांना चूक ठरवण्याची खटपट करत नसे.

त्या वर्षी पुण्याच्या एका मित्राने आनुवंशिकतेवरचे एक इंग्रजी पुस्तक वाचायला पाठवले. एका पाद्र्याने मठाच्या बागेत वाटाण्याची लग्ने लावून पाहिली आणि आईबापांचे गुण लेकरांत कोणत्या हिशेबाने उतरतात ते शोधून काढले, अशी ती हकिगत. मी ती वर्गात सांगितली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, वाटाण्याची उसळ करायची की वरात काढायची?” वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हटले, वाटाणा नको असेल तर आपण आपला प्राणी तयार करू.

असा खुरमुंडा झाला. नाव मुलांनी ठेवले, चित्र शाळेच्या हस्तलिखित मासिकात आले, आणि पोरांनी तो गावभर केला. बकरीएवढा, पाठीवर केस, डोक्यावर टक्कल. नियम मी केले. प्रत्येक खुरमुंड्याच्या पोटात प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या, एक आईची, एक बापाची. पिल्लाला देताना त्याने डोळे मिटून त्यातली एकच उचलायची. काही चिठ्ठ्या दांडग्या, काही गरीब. ताठ कानाची दांडगी, लोंबत्या कानाची गरीब. दांडगीपुढे गरीब चिठ्ठी दिसतच नाही, पण ती असते. त्यामुळे आईबाप दोघांचे कान ताठ असले, तरी दोघांच्याही पोटात एकेक गरीब चिठ्ठी लपलेली असू शकते आणि एखादे पिल्लू लोंबत्या कानांचे निघते. त्यात कुणाचे काही चुकलेले नसते. हे सगळे पुस्तकातल्यासारखे होते. माणसाच्या काळ्या आणि घाऱ्या डोळ्यांचेही साधारण असेच असते, हेही त्याच पुस्तकात होते. त्या पानावर मी पेन्सिलीने रेघ ओढली होती.

चैत्रात जळगावच्या एका वाचनालयाने मला व्याख्यानाला बोलावले. मी ‘कशाला, कशाला’ म्हटले आणि दुसऱ्या दिवशी कोटाला इस्त्री करून आणली.

चाळीसगावला गाडी बदलायची होती. फलाटावर बसून टिपणे चाळताना वाटले की कान झाले, शेपटी झाली, पण दोन्हींचा नियम एकच. ऐकणारे कंटाळतील. शेवटी काहीतरी खुमासदार हवे. तिथेच, हातात चहाचा कप असताना, मला डोळ्यांचा नियम सुचला. पुस्तकाशी त्याचा काही संबंध नव्हता. मला आधी वाक्य सुचले, मग त्याला शोभेल असा नियम मी केला.

सभेला बरीच गर्दी होती. अध्यक्ष एक वकील होते. दोनच शब्द बोलायला त्यांना अर्धा तास लागला. माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. मान किती अंश मागे गेली ते मला सांगता येणार नाही, मागच्या बाकावर मी नव्हतो. मी चिठ्ठ्या समजावून दिल्या. लोक खरोखर ऐकत होते. मग मी ते वाक्य टाकले.

“खुरमुंड्याच्या कानांवर विश्वास ठेवू नये. शेपटीवर तर मुळीच नाही. पण डोळ्यांची चिठ्ठी लपत नाही! पिल्लाचे डोळे आईसारखे नाहीत आणि बापासारखेही नाहीत असे दिसले, तर खुरमुंड्याने शेजाऱ्याकडे एकदा नीट बघावे.”

सभा इतकी हसली की अध्यक्षांनी टेबलावर काठी आपटली. तो हशा मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो. त्याचा मला किती आनंद झाला होता, हेही आठवते.

पहिल्या रांगेत आबांच्या मुलीचे थोरले दीर बसले होते. त्यांना नाना म्हणत. कामासाठी जळगावला आले होते. आमच्या व्याह्यांच्या घरचे मास्तर बोलणार म्हणून मुद्दाम थांबले होते. सभा संपल्यावर ते लोकांतून वाट काढत माझ्यापाशी आले. पागोटे काखेत, कपाळावर घाम.

“मास्तर, हे मान्साले बी लागू हाये का?”

घारे डोळे मला त्या क्षणी आठवायला हवे होते. ते आठवले नाहीत. माझ्या एका बाजूला वकीलसाहेब होते, दुसऱ्या बाजूला वाचनालयाचे चिटणीस, आणि हार अजून गळ्यातच होता. मी म्हणालो, “नाना, निसर्गाचे नियम सर्वांना सारखेच.”

वकीलसाहेबांनी मान डोलावली. नानांनी डोलावली नाही. ते हात जोडून निघून गेले.

वैशाखात आखाजी आली. आमच्या खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, दिवसभर गाणी म्हणतात. चुलतभाऊ मुराळी म्हणून गेला आणि आबांच्या मुलीला, नातीला घेऊन आला. सासरी कुणी काही बोलले नव्हते. फक्त निघताना सासू ओट्यापर्यंत आली नाही, एवढेच ती म्हणाली. अंगणातल्या निंबाला झोका बांधला गेला. त्या घरचा रिवाज असा, की माहेरवाशीण सासरी परत गेली की त्याच दिवशी झोका सोडायचा, आधी नाही.

चार दिवस झाले, आठ झाले. गल्लीतले झोके एकेक करून उतरले. सासरहून न्यायला कुणी आले नाही. आबांच्या अंगणात झोका तसाच राहिला.

मग कार्ड आले. आबांना वाचता येत नव्हते. ते घेऊन ते माझ्या दारात आले.

“मास्तर, हाई कार्ड जरा वाची दाखाडा. काय लिखेल शे?”

कार्डावर लिहिले होते: ‘सूनबाईंस नेण्याचे तूर्त तहकूब केले आहे. आपल्याकडील मास्तरांनी जळगावी भर सभेत जो शास्त्राचा नियम सांगितला, त्याप्रमाणे पोरीच्या डोळ्यांचा खुलासा व्हावा.’

मी मोठ्याने वाचले: “सूनबाईंस नेण्याचे तूर्त तहकूब केले आहे. पोरीच्या डोळ्यांचा खुलासा व्हावा.”

मधले वाक्य मी गिळले. ठरवून गिळले असेही म्हणवत नाही. डोळा त्यावरून पुढे गेला आणि मी त्याला जाऊ दिले. आबा कार्डाकडे बघत राहिले.

“डोयासना काय खुलासा? देवनी दिधात त्या दिधात.” मग म्हणाले, “तुम्ही शिकेल मानूस शेतस. तुम्हीच उत्तर लिखा.”

ते काम माझ्याकडे आले याचे मला बरे वाटले. मी दोन पाने पत्र लिहिले. त्यात काय असायला हवे होते? ‘तो नियम मी हशा यावा म्हणून रचला, तो खोटा आहे.’ एवढे एका कार्डावर मावले असते. मी लिहिले की आनुवंशिकतेचे शास्त्र अजून बाल्यावस्थेत आहे, प्रत्येक नियमाला अपवाद संभवतात, सबब एवढ्यावरून निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. नियम शाबूत, मीही शाबूत. पत्र फार चांगले उतरले होते. मी ते दोनदा वाचून पाहिले.

उत्तर एका ओळीचे आले: ‘अपवाद आमच्याच घरी का व्हावा?’

हेही मीच आबांना वाचून दाखवले. या वेळी गाळण्यासारखे काही नव्हते. त्या दिवसापासून नातीला मांडीवर घेतले की आबा तिचे तोंड उन्हाकडे करत नसत.

ज्येष्ठ असाच गेला. शेजारच्या बाया पाण्याला जाता येता निंबाकडे बघत. “आजून झोका सोडा नही का?” असे एकीने विचारलेले मी खोलीत बसून ऐकले. आबांची बायको म्हणाली, “पोरगी खेळस ना, म्हनीसन ठेवेल शे.”

एका दुपारी मी वह्या तपासत होतो. आबांची मुलगी दारात येऊन उभी राहिली. हातात ते पहिले कार्ड होते. आबा कागदपत्र देवळीत ठेवत. तिथून काढून आणले असावे.

“भाऊ, यामाना एक शबद माले लागना नही. तहकूब म्हंजे काय?”

मी म्हणालो, “तहकूब म्हणजे पुढे ढकललेले.”

“हां.” ती कार्डाकडे बघत म्हणाली. “बाकीनं बठ्ठं लागनं.”

तिला वाचायला मी शिकवले होते. जोडाक्षरांना ती अडखळे तेव्हा मी तिला ‘गाळू नकोस, अक्षर गाळलंस की अर्थ जातो’ असे म्हणत असे. त्यातले तिला काय आठवले ते ठाऊक नाही. मला सगळे आठवले.

“किती दिवस झाले वाचून?” मी विचारले.

“कार्ड ऊनं त्याच दिनले.”

म्हणजे ती महिनाभराहून अधिक वाट पाहत होती. रोज माझे ताट वाढत होती आणि वाट पाहत होती.

“भाऊ, तुमनं ते जनावर खरं शे का? कोठे ऱ्हास ते?”

“नाही. कुठेच नाही. मी आणि मुलांनी मिळून रचलं.”

“आन् डोयासना कायदा?”

“तो मी एकट्यानं रचला.”

“कसाले?”

या प्रश्नाला माझ्याजवळ एकच उत्तर होते. मी म्हणालो, “लोक हसावेत म्हणून.”

“मंग? हासनात का?”

“हसले.”

तिने मान हलवली, एखाद्याने भाजीचा भाव ऐकून हलवावी तशी. मग म्हणाली, “तुमना खुरमुंडाले लाज ऱ्हास का हो भाऊ? ती कोनी चिठ्ठीवर येस, मायनी का बापनी?”

मी मान खाली घातली. लाल शाईचा टाक वहीवरच राहिला होता आणि कुणाच्या तरी उत्तरावर मोठा डाग पडला होता.

“आते तुम्ही मनासंगे चाला,” ती म्हणाली, “आन् जसं माले सांगं तसंच त्यास्ले सांगा. पत्तर नका लिखू.”

त्याच संध्याकाळी मी आबांना कार्डातले गाळलेले वाक्य वाचून दाखवले. आबा मला ओरडले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, “जेवी ल्या मास्तर, सकायले लवकर निंघनं पडी.”

सावदा स्टेशनावर उतरून टांग्याने आम्ही गेलो. आबा, मुलगी, मांडीवर नात आणि मी. मी ते इंग्रजी पुस्तक सोबत घेतले होते. वाटेत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. गावात शिरलो तेव्हा रस्त्यात खेळणाऱ्या पोरांतले एक ओरडले, “आली रे आली, खुरमुंडी आली!” आणि बाकीची टांग्यामागे धावत तेच ओरडू लागली. खुरमुंडा माझ्या आधी तिथे पोचला होता. माझ्या नावाशिवाय, पुस्तकाशिवाय, फक्त ते एक वाक्य आणि तो हशा घेऊन.

नाना ओट्यावर होते. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे पोरीचा बाप, खांबाला टेकून उभा होता. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सांगितले. डोळ्यांचा नियम मी बनवला, तो खोटा आहे, कानांचा जो नियम सांगितला तो माणसाच्या डोळ्यांना लागू पडतो, काळ्या डोळ्यांच्या आईबापांना घाऱ्या डोळ्यांचे मूल होऊ शकते, या पुस्तकात तसे लिहिलेले आहे. पेन्सिलीची रेघ असलेले पान मी उघडून पुढे केले. नानांना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी पान बघितले, रेघ बघितली आणि पुस्तक मिटून मला परत दिले.

“म्हंजे शास्त्र खोटं नवतं. तुम्ही खोटं बोलले.”

“हो.”

“मंग मी तुमाले इचारलं तवा?”

“तेव्हाही.”

“भर सभेत हार घालून?”

“हो.”

नाना वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, एवढाच त्यांचा दोष. आणि तो मी घरचाच म्हणून ठेवला होता. शेवटी आबांकडे वळून ते म्हणाले, “आबा, सूनबाईची काही चूक नाही, हे मी मानतो. केळीच्या लागवडीचे दिवस आहेत, तिचं घर आहे, तिनं ऱ्हावं. पन पोरीले थोडे दिवस तुमच्याकडंच ठेवा. मास्तरानं मले सांगतलं, मी समजलो. गावाले कोन सांगंन? तुम्ही आयकलं ना पोरं काय म्हन्तात ते?”

मी म्हणालो, मी गावाला सांगतो, चावडीवर उभा राहून सांगतो. नाना पहिल्यांदाच जरासे हसले.

“नका हो मास्तर. तुमी बोलले का लोकं हासतात.”

पोरीचा बाप खांबापासून हलला, बायकोची पेटी टांग्यातून काढून आत घेऊन गेला. मुलीकडे त्याने पाहिले, की पाहिले नाही, हे मला नक्की सांगता येत नाही. आई लेकीला बापाच्या, म्हणजे आबांच्या, हातात देऊन आत गेली. जाताना तिने माझ्याकडे बघितले नाही, आणि ते बरोबरच होते. मी फक्त एक चूक परत घ्यायला आलो होतो. ती मी अर्धीच परत घेऊ शकलो. उरलेली अर्धी आबांच्या खांद्यावर झोपून धुळ्याला परत आली.

दुसऱ्या दिवशी आबांनी झोका सोडला.

‘थोडे दिवस’ वर्षांनी वाढत गेले. पुढे तिकडे एक मुलगा झाला, काळ्या डोळ्यांचा, आणि मग पोरीचा विषय निघेनासा झाला. ती आमच्या घरात वाढली. मला ती मास्तर म्हणे. संध्याकाळी ओट्यावर बसून तिला मी वाचायला शिकवले, तिच्या आईला शिकवले होते तसेच. ते डोळे रोज संध्याकाळी पुस्तकावरून वर उचलले जात आणि माझ्याकडे बघत. व्याख्यानाची आमंत्रणे नंतर दोनदा आली. मी गेलो नाही. यात मोठेपणा काही नाही. दुसऱ्यांच्या व्याख्यानांना मात्र जात राहिलो, पण मान मोजणे जमेना.

ती नऊ वर्षांची असेल. आखाजीला तिची आई आली होती, आणि निंबाला झोका होता. पोरीने माझ्या पेटीत पुस्तके शोधता शोधता ते जुने हस्तलिखित मासिक बाहेर काढले. खुरमुंड्याचे चित्र बघून ती इतकी हसली की आबा बाहेरून विचारू लागले काय झाले म्हणून. तिने माझ्याकडून चिठ्ठ्यांचा सगळा खेळ समजून घेतला. कानांचा, शेपटीचा. डोळ्यांच्या नियमापाशी मी थांबलो आणि म्हणालो, “हा चुकीचा आहे. हा तू कर.”

तिने दुपारभर बसून एका कागदावर खुरमुंड्यांचे अख्खे कुटुंब काढले. आजी, आजोबा, आई, बाप आणि सात पिल्ले. सातही पिल्लांचे डोळे वेगळ्या रंगाचे. एकाचे तर निळे. त्यासाठी तिने माझी शाईची दौत वापरली होती. खाली नियम लिहिला होता: ‘डोळे कोणाचेही असू शकतात.’

कागद घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली.

“मास्तर, बरोबर शे का?”

तिची आई झोक्यावर बसली होती. पाय जमिनीला टेकवून तिने झोका थांबवला. तिशीच्या आतच तिचे केस कानांजवळ पांढरे झाले होते.

“त्यास्ले काय इचारस?” ती लेकीला म्हणाली. “तुनी करा ना तो नियम? तूच सांग.”

असे म्हणताना ती हसत होती, मनापासून. मला हसता आले नाही. मी कागद हातात घेतला, त्यावर लाल शाईने काहीच केले नाही आणि तसाच पोरीला परत दिला. तिने तो आईला दाखवायला नेला. दोघी झोक्यावर बसल्या आणि आई एकेका पिल्लाच्या डोळ्यांवर बोट ठेवून विचारू लागली, हे कोणासारखे, आणि हे कोणासारखे. मी खोलीत जाऊन बसलो. दार लावले नाही, पण त्यांच्याकडे पाठ करून बसलो. परवा तिची आई परत जाणार होती, आणि झोका सोडायचे काम त्या वर्षीपासून आबांच्या गुडघ्यांना झेपत नसल्यामुळे माझ्याकडे आले होते.